अम्मींची निगेटिव्ह

आमच्या घरातली मागची मोरी गेले चार महिने मगरिबनंतर बंद असते. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबलेली, खिडकीला काळा पुठ्ठा आणि आत लाल दिवा. शेजारच्या भाबींनी आधी दोन-तीनदा आडून आडून विचारलं, मग न राहवून सरळच, "आत करता तरी काय?" आम्ही खरं ते सांगितलं, फोटो धुतो. त्यांचा विश्वास बसला नाही. हातात मोबाईल असताना कोणी शहाणीसुरती बाई बादलीभर बर्फ घेऊन मोरीत फोटो धुवत बसेल, हे पटण्यासारखं नाहीच.

हे खूळ आणलं आमच्या भाचीनं. ती मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुरुडला आली तेव्हा गळ्यात एक जडशीळ जुना कॅमेरा, पेंटॅक्स के-१०००. "यात बॅटरी फक्त उजेड मोजायला लागते, फुफू. बाकी सगळं हातानं." एका रोलात छत्तीस फोटो. रोलाची किंमत ऐकून आम्ही मनातल्या मनात छत्तीसनं भागाकार केला आणि गप्प बसलो. पण तिच्या मागे लागून आम्हीही शिकायला बसलो त्याचं कारण कॅमेरा नव्हता. कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला पाच वर्षं मागं जावं लागेल.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं, तेव्हा मुरुडमध्ये जे झालं ते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी भोगलेलं आहे. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या घराचे कोने उडाले, आणि माडीवरच्या ज्या कपाटात घरातले कागद होते त्यावर रात्रभर पाणी गळत राहिलं. त्या कपाटात अम्मींचा पासपोर्ट होता. १९७४ साली काढलेला. अब्बा कुवेतला होते, त्यांनी अम्मींना बोलावून घेतलं होतं. पासपोर्ट झाला, बेत ठरला, आणि दादी आजारी पडल्या. अम्मी गेल्या नाहीत. पुढे कधीच गेल्या नाहीत. त्या कोऱ्या पासपोर्टात, पहिल्या पानांवर डकवलेला एवढासा फोटो, एवढीच त्यांची तसवीर या दुनियेत होती. बाकीच्या प्रती अम्मींनी स्वतः चुलीत घातल्या होत्या. "कामापुरता काढला, काम झालं," एवढंच म्हणाल्या होत्या.

वादळानंतर तो पासपोर्ट म्हणजे एक फुगलेला लगदा होता, आणि आम्ही नेमकं करू नये तेच केलं. उन्हात वाळवला आणि अर्धवट सुकल्यावर पानं सोडवू लागलो. फोटोचा वरचा थर समोरच्या पानाला चिकटून निघून आला. डोळे एका पानावर, हनुवटी दुसऱ्या. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण पावसाळा काही संपलेला नाही. भिजलेले जुने फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ते सुकू देऊ नका. ओले असतानाच थंड, स्वच्छ, गोड्या पाण्यात ठेवा, म्हणजे पुष्कळदा आपोआप सुटतात. तेवढी सवड नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग सावकाश बघा. आम्हाला हे पाच वर्षं उशिरा कळलं.

सांगितलं ते फोटोवाल्या चाचांनी. बाजारातला त्यांचा स्टुडिओ बंद होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. वय ऐंशीच्या वर, ऐकू थोडं कमी येतं, पण हात अजून स्थिर. भाचीला कुणीतरी सांगितलं की चाचांच्या माळ्यावर फोटो मोठे करायचं यंत्र पडून आहे. ती मागं लागली, आम्ही बरोबर गेलो. माळ्यावर यंत्र होतंच, पण त्याशिवाय रांगेनं लावलेले बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. "हे काय, चाचा?" "मुरुड," चाचा म्हणाले. प्रत्येक डब्यात बटरपेपरच्या पाकिटात निगेटिव्ह, प्रत्येक पाकिटावर नंबर, आणि नंबरांची रजिस्टरं वेगळी. पंचक्रोशीतली तीसेक वर्षांची लग्नं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप, नोकरीचे अर्ज, सगळं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होऊन तिथं पडलेलं.

आमच्या मनात काय आलं ते वाचकांनी ओळखलंच असेल. पण चाचा म्हणाले, "शोधून देतो. पण मी धुणार नाही. माझे डोळे गेले. तुम्ही शिका, मग बघू."

म्हणून मोरी.

*

शिकण्याची सुरुवात अंधारात दोरा ओवण्यासारख्या कामापासून होते. रोल कॅमेऱ्यातून काढला की तो काळ्या डब्यातल्या एका चक्रीवर गुंडाळायचा, आणि हे संपूर्ण काळोखात. लाल दिवाही चालत नाही. चाचा सांगतात की फार पूर्वीच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे जुने लोक लाल उजेडात डोळ्यांनी बघत बघत धुवायचे. आताची फिल्म सगळे रंग ओळखते, म्हणून तिला काहीच दाखवायचं नाही. आम्ही आधी एका खराब रोलवर उजेडात सराव केला, मग डोळे मिटून, मग रात्री. भाचीनं आमच्या एका जुन्या बुरख्याची दुहेरी शिवण घालून हात घालायची काळी पिशवी केली. कल्पना झकास होती. दुपारी अंगणात बसून तिनं त्यात रोल भरला आणि शिवणीतून शिरलेल्या उजेडानं फिल्मवर छान रेघा उमटल्या. तेव्हापासून हे काम रात्रीच होतं.

पहिले दोन रोल पूर्ण कोरे निघाले. काचेसारखे स्वच्छ. आम्हाला दोन्ही सारखेच दिसले. चाचांनी खिडकीशी धरून पाहिलं आणि म्हणाले, "या दोन वेगळ्या चुका आहेत." पहिल्या रोलाच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे काळे उमटले होते. म्हणजे धुलाई बरोबर झाली, पण कॅमेऱ्यात फिल्म पुढं सरकलीच नव्हती, टोक सुटलं होतं. छत्तीस वेळा बटण दाबलं ते सगळं हवेत. "फिल्म ओढताना डावीकडची खुंटी फिरते का ते बघत जा." दुसऱ्या रोलावर आकडेसुद्धा नव्हते. म्हणजे आधी डेव्हलपर घालायचा तिथं आम्ही आधी हायपो घातला होता. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्ही पाणी पाण्यासारखी. त्या दिवशी हायपोच्या बाटलीला भाचीनं लाल दोरा बांधला. भाचीचा चेहरा रडवेला झाला होता, कारण त्या रोलात जंजिऱ्याच्या दरवाजावरचा हत्ती पंजात धरलेला सिंह होता, आणि राजपुरीच्या धक्क्यावर तासभर उन्हात थांबून काढलेल्या शिडाच्या होड्या होत्या.

आत नेमकं घडतं काय? फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. उजेड पडला की त्या कणांत जो बदल होतो तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर, म्हणजे मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही औषधं, उजेड लागलेल्या कणांची काळी चांदी करतो. उजेड न लागलेले कण तसेच राहतात आणि पुढं उजेडात काळे पडतील म्हणून ते विरघळवून टाकावे लागतात. ते काम हायपोचं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाला १८१९ मध्येच कळलं होतं की हायपोत चांदीचे क्षार विरघळतात, पण तेव्हा फोटोच नव्हता. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये फोटो आला तेव्हा ही गोष्ट कामाला आली. 'निगेटिव्ह' हा शब्दही त्यांचाच. जिलेटिन हाडांपासून आणि कातड्यांपासून बनतं, हे कळल्यावर भाचीनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हटलं, बाई, हे खायचं नाही, बघायचं आहे.

सगळ्यात मोठी अडचण मुरुडच्या हवेची. पुस्तकं लिहिणारे थंड मुलखातले. ते म्हणतात औषध २० अंशांवर ठेवा. डी-७६ नावाच्या डेव्हलपरमध्ये आमची इल्फर्डची एचपी-५ फिल्म त्या उष्णतेला साडेसात मिनिटं ठेवायची. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी तिसाच्या वर. तितक्या गरम औषधात वेळ इतका कमी करावा लागतो की कुठं जास्त, कुठं कमी धुतलं जातं, आणि जिलेटिन मऊ पडून नखानंही ओरखडतं. चाचांचा उपाय साधा : बंदरावरून मासळीचा बर्फ आणायचा, बादलीत घालायचा आणि बाटल्या त्यात उभ्या करायच्या. २४ अंशांपर्यंत आणलं की साडेपाच मिनिटांत काम होतं. आमच्या पहिल्या धड फिल्मला म्हणून सुरमईचा वास आहे. जूनमध्ये मासेमारीला बंदी लागली आणि बर्फ मिळेना, पण तोवर पाऊस पडून पाणीच गार झालं होतं.

धुवून झालं की हायपो पूर्ण निघून जाईपर्यंत पाण्यात खळबळायचं. नाही निघाला तर फोटो काही वर्षांत पिवळा पडतो. घराघरांत जे पिवळट लग्नाचे फोटो आहेत त्यांतल्या पुष्कळांचा दोष वयाचा नाही, घाईचा आहे. आमची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते म्हणून आम्ही काळजीत होतो. चाचा हसले. खारट पाण्यात हायपो उलट लवकर सुटतो, शेवटी तेवढं गोड्या पाण्यातून काढा, म्हणजे झालं. आम्हाला ही चाचांची गंमत वाटली होती. भाचीनं शोधून सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात आरमारी जहाजांवर फोटो समुद्राच्या पाण्यात धुतले तेव्हा हेच लक्षात आलं होतं.

चौथ्या रोलात अल्हम्दुलिल्लाह एकतीस फोटो आले. कपड्यांच्या चिमट्यांनी मोरीत वाळत टाकले आणि आम्ही दोघी त्यांच्याखाली चहा पीत बसलो.

फोटो आले म्हणजे चांगले आले असं नाही. जुम्माच्या नमाजनंतर मशिदीबाहेर काढलेल्या एका फोटोत सगळ्यांचे पांढरे कुर्ते आणि टोप्या मिळून एक पांढरा ढग झाला होता. दुसऱ्यात आमच्या खालांचा काळा बुरखा म्हणजे नुसतं भोक. चुण्या नाहीत, कापडाचा पोत नाही. रंगीत फोटोत हे खपून जातं, इथं नाही, कारण काळ्या-पांढऱ्यात काळं आणि पांढरं हेच तुमचं सगळं भांडवल. चाचांचा नियम असा की कॅमेऱ्यात सावलीचा विचार करायचा आणि मोरीत उजेडाचा. म्हणजे काळ्या कापडातल्या चुण्या दिसतील एवढा उजेड फिल्मला द्यायचा, आणि पांढरं फार दाट होऊ नये म्हणून धुण्याचा वेळ थोडा कमी ठेवायचा. कॅमेऱ्यातला उजेडाचा काटा काळ्या बुरख्याला राखाडी समजतो आणि पांढऱ्या कुर्त्यालाही राखाडीच समजतो. त्याला दुनियेत तिसरं काही ठाऊकच नाही. (असे लोकही असतात, पण ते असो.)

अंधाऱ्या खोलीचं हे प्रकरण मुळात आपल्याला परकं नाही. लहानपणी माडीवर दुपारी दारं लावून झोपवत तेव्हा खिडकीच्या फळीतल्या एका गाठीच्या भोकातून भिंतीवर उलटी माडाची झाडं हलताना आम्ही पाहिली आहेत. रस्त्यावरून कुणी गेलं की डोकं खाली, पाय वर करून भिंतीवरून जाई. दादी म्हणत, डोळे मीट. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी हेच पाहिलं, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. लहान छिद्रातून आलेल्या उजेडात सूर्यग्रहणाचा आकार कसा उमटतो यावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. अंधाऱ्या खोलीला त्यांचा शब्द 'अल-बैत अल-मुज़लिम', आणि कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थही खोलीच.

*

चाचांना अम्मींची निगेटिव्ह शोधायला तीन संध्याकाळी लागल्या. चूक त्यांची नव्हती. आम्ही अम्मींचं नाव शोधत होतो आणि रजिस्टरात ते नव्हतंच. अब्बांचं नाव, त्यापुढं 'घरवाली', त्यापुढं 'पासपोर्ट, ८ कॉपी'. त्या पानावरच्या सगळ्या बायका अशाच होत्या. कुणाची घरवाली, कुणाची आई, कुणाची मुलगी.

आम्ही म्हटलं, "अम्मी तुमच्यासमोर बसल्या कशा, चाचा? त्या तर दूधवाल्यासमोरही यायच्या नाहीत."

चाचा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी कुठं काढला? मी दिवे लावले. तुझ्या चाचीला स्टुलावर बसवून भिंग जुळवलं, आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसलो. चाचीनं दार लावलं. तुझी अम्मी आली, बसली. बटण चाचीनं दाबलं."

"सगळ्या बायकांचे?"

"परद्यातल्या सगळ्या. फोटो धुवायचीसुद्धा तीच. माझ्यापेक्षा हात बरा होता तिचा. मी दुकान बघायचो." आणि रजिस्टर मिटत म्हणाले, "यात बाईच नाही बघ. समोरची नाही, मागची नाही."

चाची मरहूम होऊन बारा वर्षं झाली. आम्ही त्यांना ओळखत होतो ते ईदच्या सांजोऱ्यांमुळे.

घरी येऊन भाचीनं होमाई व्यारावाला यांचं सांगितलं. नवसारीला १९१३ मध्ये जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून कॅमेरा शिकल्या, पुढं त्यांच्याशीच लग्न केलं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. त्याच्याही आधी, १८९२ मध्ये, लाला दीनदयाळ यांनी हैदराबादला खास परद्यातल्या बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथं फोटो घ्यायला केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई नेमली होती. त्या बाईंचं नाव निदान राहिलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग १८५५ मध्येच सुरू झाला होता. तिथं शिकलेल्यांत हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी नावं मिळतात, पण एकाही बाईचं नाव आमच्या वाचनात नाही. आमच्या चाची कुठल्या वर्गात गेल्या नव्हत्या. दुपारी भाकऱ्या करून आल्यावर त्या लाल दिव्याखाली उभ्या राहायच्या, एवढंच.

*

निगेटिव्ह सहा सेंटिमीटरची, चौकोनी. कडेला बुरशीचे ठिपके. ते पाहून आम्ही ओल्या कापडासाठी हात पुढं केला तर चाचांनी मनगटच धरलं. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. पाणी लावलं असतं तर ठिपक्याबरोबर अम्मीही गेल्या असत्या. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडली, बस. किनाऱ्यावरच्या वाचकांनी निगेटिव्ह घरात असतील तर प्लॅस्टिकच्या अल्बमातून काढून कागदी पाकिटात घालाव्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवाव्यात आणि जमिनीपासून उंच, पण कौलांच्या लगत नको.

माळ्यावरचं यंत्र आम्ही मोरीत आणलं होतं. भिंगावरही बुरशी होती, ती चाचांनी स्वतः पुसली. कागदासाठी भाची फोर्टात जाऊन आली. चाचांच्या वेळी उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद मिळायचा, तो कारखाना आता बंद आहे. इंग्लंडहून येणारा कागद इतका महाग की आम्ही एका कागदाच्या पट्ट्या कापून सराव केला. पट्टी यंत्राखाली ठेवायची, पुठ्ठ्यानं झाकायची आणि पाच-पाच सेकंदांनी पुठ्ठा सरकवत जायचं. धुतल्यावर एकाच पट्टीवर फिक्या-गडद पायऱ्या दिसतात, त्यातली बरोबर निवडायची. सेकंद मोजायला भाचीनं मोबाईल काढला आणि त्याच्या उजेडानं आख्खा कागद राखाडी झाला. त्यानंतर आम्ही बाहेरच्या खोलीतल्या लंबकाच्या घड्याळाच्या ठोक्यांवर मोजू लागलो.

पहिल्याच रात्री यंत्राचा दिवा लावला आणि वीज गेली. श्रावणातला पाऊस, तारेवर कुठंतरी फांदी. अंधारखोलीला अंधाराचं वावडं नसावं, पण यंत्राला दिवा लागतोच. दीड तास आम्ही तिघं काळोखात बसलो. चाचा चाचींबद्दल बोलले. ते आम्ही इथं लिहिणार नाही.

वीज आल्यावर पंधरा सेकंद दिले. कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सरकवला आणि ट्रे हलकेच हलवत राहिलो. वीसेक ठोके काहीच नाही. मग ओढणीची काठ आली, मग भुवया. डोळे आले ते चेहऱ्याच्या आधी, आणि ते सरळ आमच्याकडे बघत होते. अम्मी आमच्यापेक्षा पुष्कळ लहान दिसत होत्या. सत्तावीस वर्षांच्या. आम्ही आता छपन्न. त्या थोड्या हसत होत्या, पासपोर्टच्या फोटोत कुणी हसत नाही, पण समोर चाची होत्या.

ओढणीच्या सावलीत कपाळ गडद येत होतं. चाचांनी तारेला पुठ्ठ्याचा लहानसा गोल तुकडा लावून दिला आणि सांगितलं की पंधरातले चार ठोके तो कपाळावर धरून हलवत राहा, म्हणजे तिथं उजेड कमी पडेल आणि कपाळ उजळ येईल. तिसऱ्या कागदाला जमलं.

आता खरा पेच. कुवेतच्या थोरल्या भावाला फोटो मोठा हवा, फ्रेम करून. धाकट्या बहिणीचं म्हणणं, अम्मींनी ज्या प्रती चुलीत घातल्या त्या आपण भिंतीवर का टांगायच्या? तसवीर काढावी, ठेवावी, लावावी यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत आणि तो मसला सोडवणं हे या सदराचं काम नाही. पण अम्मींचं म्हणणं काय होतं हे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्या नाहीत म्हणून ते बदलत नाही. आम्ही चौघांसाठी चार प्रती केल्या, पासपोर्टच्या मापाच्या, पाकिटात मावतील एवढ्या. भाऊ दोन दिवस बोलला नाही. मग त्याचा फोन आला, की दोन प्रती पाठव, एक हरवली तर. आम्ही एकच पाठवली. हे लिहिताना वाटतं की दोन पाठवायला हव्या होत्या.

एक कागद मात्र आम्ही आख्ख्या निगेटिव्हचा केला, फक्त बघण्यासाठी. पासपोर्टसाठी चाचींनी चेहऱ्याभोवतीचं सगळं कापून टाकलेलं होतं, त्यामुळे हे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मागं घडी पडलेला पडदा, स्टुलाचा एक पाय, आणि डाव्या कडेला, अगदी काठावर, एक लहान मुलाचा हात. अम्मींच्या ओढणीचं टोक मुठीत धरलेला. मूल चौकटीच्या बाहेर आहे. मनगटावर काळा दोरा आहे.

भाचीनं फोटो भिंगाखाली धरला आणि विचारलं, "फुफू, हा तुमचा?" १९७४ मध्ये आम्ही पाच वर्षांचे होतो. आम्हाला तो दिवस आठवत नाही, स्टुडिओ आठवत नाही. थोरल्या भावाला मोबाईलवर फोटो पाठवला. तो म्हणतो माझाच, मला बरोबर नेलं होतं, खाली बाजारात गोळ्या घेऊन दिल्या होत्या. तो तेव्हा आठ वर्षांचा होता आणि हा हात आठ वर्षांच्या मुलाचा नाही. मधला भाऊ म्हणतो काळा दोरा मला बांधायचे, मी सारखा आजारी असायचो. बहीण म्हणते, माझा तर नक्कीच नाही, मी जन्मलेही नव्हते, आणि फोन ठेवून देते.

चाचांना विचारलं. ते दाराबाहेर बाकड्यावर बसले होते ना, आत कोण गेलं ते त्यांना दिसलं असणार. चाचा म्हणाले, "पोरं खूप यायची बेटी. आईला सोडायची नाहीत." भाचीचं म्हणणं, फक्त हाताचा भाग मोठा करून बघू, नखं तरी दिसतील. पाकिटात तीन कागद उरलेत. ती शनिवारी येते आहे.